एपिड्युरल हवं होतं, मिळालं नाही, आणि सगळे म्हणाले शाब्बास

गरोदर बायकांचं समुपदेशन करते त्यामुळे एक प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, की मॅडम डिलिव्हरीत एपिड्युरल घेतलं तर चालेल ना, आणि हे "चालेल ना" म्हणताना ती बघत असते नवऱ्याकडे नाहीतर आईकडे. एपिड्युरल म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीत मणक्यापाशी सुईने बारीक नळी बसवून सोडतात ते औषध. वैद्यकीय उत्तर बरेचदा तिच्या डॉक्टरांनी आधीच दिलेलं असतं, माझ्याकडे ती परवानगी मागायला आलेली असते. किंवा उलटं, काहीही औषध न घेता करायचंय आणि घरचे वेड्यात काढतायत म्हणून माझा शिक्का हवा असतो. मी दोन्हींपैकी काहीच देत नाही. आज एक केस सांगते, तिला विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ही आली तेव्हा सातवा महिना होता, पहिलंच बाळंतपण. निर्णय पक्का, एपिड्युरल घ्यायचंच. अडचण अशी की तिच्या मोठ्या बहिणीची दोन्ही बाळंतपणं काहीही न घेता झालेली आणि ती उठता बसता हे ऐकवायची, की पहिली कळ आली की सुई मागणार तू, आमच्यात कोणी घेतलं नाही बाई. त्यात कोणाकोणाकडून ऐकलेलं बरंच काही डोक्यात होतं, कंबर जन्माची जाते, बाळ गुंगीत जन्मतं, शेवटी सिझरच होतं वगैरे. म्हणजे घ्यायचं तर ठरलेलं, पण घेण्याआधीच अपराधी वाटायला लागलेलं, आणि रात्री दोन वाजता मोबाईलवर शोधत बसायची.

भीतीला "घाबरू नकोस" म्हणून काही होत नाही, म्हणून आम्ही एकेक गोष्ट काढून बसलो. कंबरेचं म्हणाल तर जिथे सुई टोचतात तिथे काही दिवस ठणकतं, पण वर्षानुवर्षांची कंबरदुखी एपिड्युरलमुळे होते असं अभ्यासात दिसलेलं नाही, गरोदरपणाने आणि बाळाला उचलून उचलून ती तशीही खूप जणींना होते. सिझरचं म्हणाल तर २०१८ साली कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय अभ्यास गोळा करून तपासणाऱ्या संस्थेने, ११ हजारांहून जास्त बायकांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, एपिड्युरलमुळे सिझेरियन वाढल्याचं दिसलं नाही. बाळ बाहेर काढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायची वेळ जुन्या चाचण्यांत जास्त येत होती, २००५ नंतरच्या चाचण्यांत तो फरक राहिला नाही, औषधाचे डोस आता हलके असतात हे त्याचं एक कारण मानतात. जोर लावायचा टप्पा मात्र थोडा लांबू शकतो, ते खरंय. आणि बाळ गुंगीत जन्मतं ही भीती मुळात दुसऱ्याच गोष्टीची आहे, पेथिडीनसारखं दुखणं कमी करायचं इंजेक्शन दंडात किंवा मांडीत देतात ते आईच्या रक्तातून बाळापर्यंत बऱ्यापैकी पोचतं, डिलिव्हरीच्या अगदी आधी दिलं असेल तर बाळ सुस्त असू शकतं, क्वचित श्वासाला मदत लागते. एपिड्युरलचं औषध मणक्यापाशी, नसांच्या बाहेरच्या आवरणाजवळ सोडतात, बाळापर्यंत त्यातलं फार थोडं जातं. लोक दोन्हींना सरसकट "दुखण्याचं इंजेक्शन" म्हणतात मग एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी.

पण फुकट काहीच नाही हेही सांगितलं, कारण नुसतं गोड सांगितलं की लेबर रूममध्ये माणूस फसल्यासारखं होतं. बीपी खाली येऊ शकतं म्हणून सलाईन लावून ठेवतात आणि सारखं बीपी बघतात, खाज सुटते, थंडी वाजल्यासारखं कापरं भरतं, ताप येऊ शकतो, लघवीची भावना जाते म्हणून नळी लागू शकते, पाय जड होतात म्हणून फिरणं बंद किंवा कमी, बाळाचे ठोके सतत मशीनवर. शंभरात साधारण एखादीला सुई आतल्या आवरणाला लागते आणि मग बसलं की डोकं फुटेल असं दुखतं, त्यावर उपाय आहे पण ते दिवस वाईट जातात. सुई टोचताना ऐन कळेत पाठीचा बाक काढून हलायचं नाही, हे बोलायला सोपं. नळी बसल्यावर पूर्ण असर यायला पंधरा-वीस मिनिटं जातात. आणि दहातल्या एखादीला एकाच बाजूला लागतं किंवा पुरेसं लागतच नाही, परत नीट करावं लागतं. रक्त पातळ करायची औषधं चालू असतील, प्लेटलेट फार कमी असतील तर डॉक्टर नाहीच म्हणू शकतात, ते आधीच विचारून ठेवायचं.

दोन प्रकारचे लोक मला फार भेटतात बरं का, एक म्हणतात कळा सोसल्याशिवाय आईपण कसलं, दुसरे म्हणतात या जमान्यात कोण सोसतं. वाद आजचा नाही. १८४७ मध्ये सिम्पसन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने बाळंतपणात आधी ईथर मग क्लोरोफॉर्म वापरलं, १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीने आठव्या बाळंतपणात जॉन स्नो या डॉक्टरकडून क्लोरोफॉर्म घेतलं, तेव्हाही बाईने वेदना सोसणं हाच देवाचा नियम म्हणणारे होतेच. मग १९३० च्या दशकात ग्रँटली डिक-रीड नावाचा इंग्लिश डॉक्टर सांगायला लागला की भीतीने शरीर आखडतं आणि आखडल्याने दुखणं वाढतं. त्यात तथ्य आहे, मी स्वतः रोज शिकवते ते, पण त्याचा सोयीस्कर अर्थ लोकांनी असा काढला की दुखलं म्हणजे तूच घाबरलीस. हे असं बोललं की मला खरंच राग येतो.

तर आम्ही कागदाची दोन पानं केली. पहिल्यावर एपिड्युरल मिळालं तर काय, दुसऱ्यावर वेळच मिळाला नाही तर काय. दुसऱ्या पानाला ती तोंड वाकडं करत होती, म्हणे मॅडम हे लिहूच नका ना, लिहिलं की होतं. तरी केलं. कळ सुरू झाली की श्वास सोडण्यावर लक्ष, घेण्यावर नाही, तो आपोआप येतो. पाठीवर सपाट पडून न राहता हातागुडघ्यांवर, नाहीतर पलंगाला टेकून पुढे वाकून. गॅस असेल, म्हणजे नायट्रस ऑक्साईड आणि ऑक्सिजन निम्मा निम्मा, तर मास्क कळ चढायला लागताच ओढायचा, कारण असर यायला अर्धा मिनिट लागतो, कळ शिगेला पोचल्यावर ओढला तर कळ जाते आणि मग तुम्हाला गरगरतं, बायका म्हणतात काही उपयोग झाला नाही, झालेलं असतं एवढंच की वेळ चुकली. नवऱ्याला मी खाली बसवून दाखवलं की मुठीचा दाब कुठे द्यायचा, माकडहाडाच्या जरा वर, सपाट हाडावर. तो बिचारा हळूच ठेवत होता हात, ती ओरडली, अजून खाली, अजून, अरे जोर लाव ना, मी काय काचेची आहे का. सगळे हसलो.

आणि व्हायचं तेच झालं. रात्री पाणी गेलं, कळा आल्या त्या थेट चार-चार मिनिटांनी. पोचली तेव्हा पिशवीचं तोंड सहा सेंटीमीटर उघडलेलं. आल्या आल्या तिने एपिड्युरल मागितलं, पण भूलतज्ज्ञ एका तातडीच्या सिझरमध्ये अडकलेले, मोकळे झाले तेव्हा हिचं पूर्ण उघडलं होतं आणि जोर लावायची भावना आली होती. गॅसवर आणि नवऱ्याच्या मुठीवर डिलिव्हरी झाली. बाळ छान, थोडे टाके.

दीड-एक महिन्याने परत आली बाळाला घेऊन. बसली आणि म्हणाली, मॅडम सगळे मला शाब्बास म्हणतात आणि मला किंचाळावंसं वाटतं. ताई म्हणते बघ उगाच घाबरत होतीस, जमलं की नाही. नवरासुद्धा कौतुकाने चारचौघांत सांगतो की हिने काही न घेता केलं. "मी न घेता केलं नाही हो, मला दिलं नाही."

हे वाक्य मला खूप महत्त्वाचं वाटतं. तीच डिलिव्हरी, तेवढीच वेदना, जिला तसंच हवं होतं ती आयुष्यभर अभिमानाने सांगेल, आणि हिला ते तोंड दाबून बुक्क्यांचा मार वाटला.

अशा वेळी सगळे म्हणतात बाळ सुखरूप आहे ना मग झालं तर. मी ते म्हणत नाही, कारण ते तिला माहीतच आहे. मी आधी झोपेचं विचारलं, बाळ झोपलेलं असताना तुला झोप लागते का, तो प्रसंग नको असताना डोळ्यासमोर येतो का, हॉस्पिटलचा रस्ता टाळतेस का, बाळाकडे बघून काय वाटतं. कारण हे महिनाभर होऊन गेलं तरी तसंच राहिलं, किंवा बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं, जीव नकोसा झाला, तर नुसत्या गप्पांवर भागत नाही, मानसोपचारतज्ज्ञ लागतो आणि जीव नकोसा झाला असेल तर महिनाभर थांबायचंही नाही. हिचं तसं नव्हतं, झोप उडालेली आणि चिडचिड होती. मग ती रात्र सुरुवातीपासून सांगायला लावली, सावकाश, मधे न तोडता.

सांगताना ज्या जागी ती अडकली ती जागा दुखण्याची नव्हती. डोकं बाहेर येतानाचं दुखणं तिने एका वाक्यात उरकलं. अडकली ती आधीच्या वेळेपाशी, ती विचारतेय भूलवाले डॉक्टर कधी येतायत, आणि जो तो म्हणतोय येतील येतील, आणि मग कोणीतरी तिच्या डोक्यावरून दुसऱ्याला म्हणालं "आता कशाला इंजेक्शन, होतच आलंय." तिला कोणी सांगितलंच नाही की आता मिळणार नाही. ती पुढचा बराच वेळ वाट बघत राहिली. उलट एक सिस्टर होती, तिच्याबद्दल बोलताना हिचा आवाजच बदलला, ती प्रत्येक कळेनंतर खरं काय ते सांगायची, अजून बाळ वर आहे, ही कळ चांगली गेली, पुढच्या तपासणीनंतर सांगते. एवढंच करत होती ती. २०१७ साली १५ हजारांहून जास्त बायकांच्या अभ्यासांतून हेच दिसलं होतं की डिलिव्हरीभर एक माणूस सतत सोबत असेल तर सिझर कमी होतात आणि वाईट अनुभव आला म्हणणाऱ्या बायकाही कमी होतात.

मी तिला एक काम दिलं, हॉस्पिटलकडे वेळ मागून आपले पेपर समजावून घे. भांडायला नाही जायचं, वाटलं तर भांड, पण आधी ऐक. ती गेली. नोंदीत निघालं की भूलतज्ज्ञांना दोन वेळा फोन गेलेला होता, वेळेसकट. तिला इतके दिवस वाटत होतं की कोणी फोनच केला नाही, आपल्याला टोलवलं. राग सगळा गेला नाही, आणि जायला पाहिजे असंही नाही, तिला सांगितलं नाही हे चुकलंच होतं त्यांचं. पण झोप लागायला लागली.

ताईला ती एकदा घेऊन आली. मला वाटलं आता वाद होणार. ताई बराच वेळ तेच सांगत होती, आम्ही नाही का केलं. मी विचारलं तुम्हाला विचारलं होतं का कोणी, घ्यायचं का म्हणून. ती म्हणाली नाही हो, तेव्हा कोण विचारत होतं, ओरडू नको म्हणून ओरडले होते माझ्यावर. मग तीच जरा थांबली आणि म्हणाली, हिला निदान विचारलं तरी.

बरोबर उलट केसही सांगते, थोडक्यात. एकीला काहीही न घेता करायचं होतं, मनापासून, तयारी जबरदस्त. बाळाचा चेहरा वरच्या बाजूला, त्यामुळे सगळ्या कळा कंबरेत, रात्र गेली तरी प्रगती हळू. तिने आधीच लिहून ठेवलं होतं की झोपेविना रात्र गेली आणि दोन कळांच्या मधेही मला बोलता येईनासं झालं तर मी घेणार. घेतलं, दोन तास झोपली, उठून स्वतः जोर लावला. पश्चात्ताप विचारला तर म्हणाली कशाचा. तिने एक सांकेतिक शब्दही ठेवला होता, "छत्री", की कळेच्या भरात इंजेक्शन मागितलं तर आधी धीर द्या, पण छत्री म्हटलं की लगेच डॉक्टरांना बोलवा. कल्पना चांगली आहे पण मी एक अट घालते, हा शब्द बाईच्या सोयीसाठी, तिला नाही म्हणायला नाही. शब्द विसरून तिने दोनदा मागितलं तरी ते मागणंच आहे, नवऱ्याने तिथे "पण तू छत्री नाही म्हणालीस" करायचं नाही.

म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगते ते एवढंच. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी गरोदर बाईने मागितलं तर एपिड्युरल द्यावं असं म्हटलंय, आणि मसाज, श्वास, रिलॅक्सेशन हेही सुचवलंय, म्हणजे दोन्ही वाटा रीतसर आहेत, कोणाकडून माफीपत्र आणायला नको. अमुक सेंटीमीटर झाल्याशिवाय देत नाही हा जुना नियम आता बऱ्याच ठिकाणी मोडीत निघालाय, तरी तुमच्याकडे काय पद्धत आहे ते आठव्या महिन्यात विचारा. भूलतज्ज्ञ रात्री तिथेच असतात की घरून येतात, यायला किती वेळ, ते दुसरीकडे अडकले तर मला काय मिळेल, गॅस आहे का, सोबत कोण थांबू शकतं आणि शेवटपर्यंत थांबू देतात का, आणि बेत बदलला तर मला ते तोंडावर सांगणार कोण. शेवटचा प्रश्न विचारताना लाज वाटते बऱ्याच जणींना, नवऱ्याला विचारायला लावा हवं तर, पण उत्तर घेतल्याशिवाय उठू नका.