आधी स्वतःची टेप ऐक

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मानसशास्त्रातलं एम.फिल. झालं, क्लिनिकमध्ये पेशंट टिकतायत, आणि आता पीएचडीत 'मी वापरते तीच थेरपी सरस' हे सिद्ध करायचंय, असं लिहिलंयस. संशोधन जरूर कर, पण हा विषय घेऊ नकोस. ज्या थेरपीवर संशोधकाचा जीव, तिचेच आकडे चांगले येतात, हे आपल्या क्षेत्रात वारंवार दिसलंय. उत्तर आधीच ठरवून निघालीस, तर ते तुला नक्की सापडेल आणि त्याचा कुणालाच उपयोग होणार नाही.

फिलाडेल्फियाच्या ॲरन बेक यांची गोष्ट तुला अर्धीच ठाऊक असेल. ते मुळात मनोविश्लेषक, म्हणजे फ्रॉइडच्या पद्धतीनं मनात दडलेलं शोधणारे. डिप्रेशन म्हणजे स्वतःवरच उलटलेला राग, हा फ्रॉइडचा सिद्धान्त पडताळायला त्यांनी पेशंटांची स्वप्नं तपासली. त्या स्वप्नांत अपेक्षेइतका राग सापडेना. सापडला तो हरलेला, झिडकारला गेलेला, काही मिळवायला जावं आणि हाती काहीच लागू नये असा माणूस. राग फार खोल दडलाय, असं म्हणून त्यांना पुढे जाता आलं असतं. ते तसे गेले नाहीत. पेशंट जागेपणी स्वतःबद्दल काय म्हणतात, तेच ते नीट ऐकू लागले. माणसाच्या स्वतःबद्दलच्या विचारांवर काम करणारी, आपण शिकतो ती कॉग्निटिव्ह थेरपी तिथून आली. तुझा प्रश्नही असा असू दे, की उत्तर तुझ्याविरुद्ध गेलं तरी पुढची वाट दिसेल.

'माझे पेशंट बरे होतात' हे तुझं वाक्य मला खरं वाटतं, पण तो पुरावा नव्हे. 1952 मध्ये लंडनचे मानसशास्त्रज्ञ आयझेंक यांनी याच वाक्यावर बोट ठेवलं. न्यूरोसिसचे (चिंता, भीती, उदासी अशा त्रासांचे) सुमारे दोन तृतीयांश रुग्ण मानसोपचार न घेताही दोन वर्षांत सुधारतात, मग तुमच्या उपचारानं काय केलं, असा त्यांचा सवाल होता. त्यांची आकडेमोड लंगडी होती, प्रश्न मात्र पक्का होता. त्याला भक्कम उत्तर मिळायला 25 वर्षं लागली. 1977 मध्ये स्मिथ आणि ग्लास यांनी 375 अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा थेरपी घेतलेला सरासरी माणूस न घेतलेल्या 75 टक्के लोकांपेक्षा बरा दिसला. तुलनेचा गट नसता तर हे कळलंच नसतं. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पतंजलीच्या योगावर आधारलेला उपचार तपासला, तेव्हा दुसऱ्या गटाला वरवर तसेच दिसणारे व्यायाम दिले होते. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी, आपल्याच गावात! हे आपण विद्यार्थ्यांना सांगत नाही, याची मला खंत वाटते.

आता माझी चूक सांगते. पहिल्या अभ्यासात शेवटच्या सेशनपर्यंत आलेल्या बायकांचेच गुण मी मांडले, आणि निकाल फार सुरेख आले. गाईडनी एवढंच विचारलं, "आणि ज्या यायच्या थांबल्या, त्या?" मला राग आला. तरी एकेकीला फोन केला. एक म्हणाली, "झोप लागायला लागली ना, मग कशाला येऊ?" दुसरीला मी विचारांची वही लिहायला सांगितली होती. दोन खोल्यांच्या घरात ती ठेवायची कुठे, सासूच्या हाती पडली तर काय, हे मी विचारलंच नव्हतं. तिसरी जरा थांबून म्हणाली, "मी मुलीचं सांगत होते, तेव्हा तुम्ही घड्याळ बघितलंत." आमचं छान जुळलंय, असं माझ्या नोंदींत लिहिलेलं होतं. तिचं ते घड्याळाचं वाक्य मी अजून विसरलेले नाही.

आपलं सगळं ठीक चाललंय असं वाटणारी मी एकटी नव्हते, हे मला नंतर कळलं. अमेरिकेत मायकेल लॅम्बर्ट यांच्या गटानं 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात थेरपिस्टना विचारलं होतं, की तुमच्या 550 क्लायंटपैकी कुणाची तब्येत बिघडेल? त्यांनी तीन नावं दिली. बिघडली 40 जणांची. म्हणून प्रत्येक सेशनला एक छोटी प्रश्नावली भरून घे आणि तुझा अंदाज तिच्याशी ताडून बघ. पीएचडीला नाव नोंदवायच्या आधीपासून ही सवय लाव.

त्या प्रश्नावलीच्या मराठीवर मात्र महिने घालव. भाषांतर, मग ते पुन्हा मूळ भाषेत आणून ताडायचं उलट भाषांतर, एवढ्यावर थांबू नकोस. दहा जणांसमोर बस आणि विचार, "या प्रश्नातून तुम्हाला काय कळलं?" 'कामात रस वाटतो का?' असं मी एका शेतमजूर बाईंना विचारलं होतं. "काम करावंच लागतं, त्यात रस कसला?" त्यांचं उत्तर बरोबर होतं, प्रश्न चुकला होता. 'औदासीन्य' हा शब्द आपल्या पुस्तकातला. लोक 'जीव रमत नाही', 'डोकं गच्च झालंय', 'टेन्शन आलंय' असं म्हणतात. त्यात कोण नेमकं काय सांगतंय, यावरच एक आख्खा प्रबंध होईल.

गोव्याचं काम मुळातून वाच. 'संगाथ' या संस्थेच्या लोकांनी तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्याच तीव्र डिप्रेशनच्या 493 माणसांबरोबर चाचणी केली. 2017 मध्ये ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. थेरपी दिली ती मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी, सहा ते आठ सेशन. तीन महिन्यांनी त्यांच्या गटात 64 टक्के जण डिप्रेशनमधून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात 39 टक्के. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. हे समुपदेशक एकमेकांची रेकॉर्डिंग ऐकून गुण द्यायला शिकले. आपण पदव्या घेऊनही दार लावून काम करतो.

एथिक्स कमिटीला वेळ लागतो, तो धरून चाल. चाचणी करणार असशील तर पहिला माणूस घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी हवी. आणि प्रॅक्टिस पूर्ण बंद करू नकोस, दोन दिवस तरी पेशंटना दे. प्रश्न तिथूनच सुचतील.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स 1940 च्या सुमारास सेशन रेकॉर्ड करायचे, तेव्हा दर तीन मिनिटांनी तबकडी बदलावी लागे. तुझ्या टेबलावर त्यापेक्षा सोपं यंत्र पडलेलं आहे. एखाद्या क्लायंटला नीट समजावून, लेखी संमती घेऊन एक सेशन रेकॉर्ड कर. नको म्हटलं तर आग्रह धरू नकोस. चांगलं झालेलं सेशन निवडू नकोस, त्या आठवड्यात जे असेल ते. आधी एकटी ऐक. मग पुढच्या बुधवारी संध्याकाळी माझ्याकडे ये. मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवू नकोस, पासवर्ड घातलेल्या पेन ड्राइव्हवर आण. आपण दोघी मिळून ऐकू.

तुझी,
मॅडम