धोरण मागू नका, आधी महापालिकेचं वीजबिल मागा

प्रश्न थोडक्यात असा आहे: फुलेवाडी रिंग रोडच्या बाजूच्या दोन-तीन कॉलन्यांतली मंडळी एकत्र आली आहेत. कोल्हापूर महापालिकेनं सौरऊर्जा आणि वीजबचतीचं धोरण करावं, अशी त्यांची मागणी आहे. निवेदन द्यावं, मोर्चा काढावा की नगरसेवकाला धरावं, यावर गटात वाद चाललाय.

माझं मत विचाराल तर यातलं काहीच आत्ता करू नका.

आपल्या गावाला आंदोलन शिकवायची गरज नाही. शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरोधी आंदोलनावेळी ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सर आणि गोविंद पानसरे अण्णा पुढं होते, पेठा-तालमी मागं होत्या, सगळे पक्ष एका मांडवात आले आणि 2015 सरता सरता टोल गेला. पण ती लढाई ‘देणार नाही’ची होती. ‘देणार नाही’ म्हणायला आकडेमोड लागत नाही, छाती लागते. तुम्हाला काहीतरी ‘करा’ म्हणायचंय. तिथं समोरचा साहेब पहिल्याच मिनिटाला विचारतो, ‘नेमकं काय करू, कुठं करू आणि पैसे कुठनं आणू?’ याला उत्तर नसेल तर निवेदनाचा फोटो पेपरात येतो आणि विषय संपतो. ‘सर्वंकष ऊर्जा धोरण राबवावे’ अशा मायन्याची निवेदनं फायलीत ढिगानं पडलेली असतात.

दुसरं म्हणजे दार चुकू देऊ नका. विजेचा दर महापालिका ठरवत नाही आणि महावितरणही स्वतः ठरवत नाही, तो महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. मीटर, नेट मीटरिंग (छपरावरची जास्तीची सौर वीज ग्रीडला देऊन बिलातून वळती करणं), डीपी, तारा हे महावितरणचं काम. महापालिकेच्या हातात तिच्या स्वतःच्या इमारती, पथदिवे, पाणी-सांडपाण्याचे पंप आणि बांधकाम परवाने, एवढंच आहे. पण हे ‘एवढंच’ भरपूर मोठं आहे.

त्यातही पाणी. शिंगणापूर, बालिंगा इथल्या उपसा केंद्रांतून पाणी उचलायचं, शुद्ध करायचं, उंच टाक्यांत चढवायचं, यात वीज खर्ची पडते. काळम्मावाडी धरणातून शहरापर्यंत थेट पाईपलाईन आली तरी तिथल्या जॅकवेलवर (पाणी उपसायच्या विहिरीवर) पंप आहेतच. वापरलेलं पाणी पुन्हा कसबा बावड्याच्या सांडपाणी केंद्रात पोचवायला आणि तिथली यंत्रं चालवायलाही वीजच. गळतीत गेलेला प्रत्येक लिटर हा पंप करून फुकट घालवलेला असतो, म्हणजे गळती काढणं हाही तुमच्या ऊर्जा धोरणाचाच भाग. हे सभेत सांगून बघा. सोलर म्हटल्यावर जांभया देणारे लोक पाण्याचा विषय निघाला की सरसावून बसतात.

तर पहिलं काम: माहिती अधिकारात बिलं मागा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून सगळं एकात कोंबू नका. ‘अमुक पंपिंग स्टेशनची मागील 24 महिन्यांची वीजबिले’, एवढंच लिहा. दुसऱ्या केंद्रासाठी दुसरा अर्ज. शक्य असेल तिथं अभिलेख पाहणी मागा, समोर बसून कागद चाळताना जे दिसतं ते झेरॉक्समध्ये दिसत नाही.

बिल वाचायला इंजिनिअरच हवा असं नाही. आम्ही एका लहान नगरपालिकेची बिलं घेऊन बसलो तेव्हा आमच्यात उद्यमनगरातल्या फौंड्रीत मेंटेनन्स बघून निवृत्त झालेले एक काका होते. आम्ही युनिट आणि रक्कम बघत होतो. काकांनी चष्मा वर केला, बोट सरळ ‘करार मागणी’वर (महावितरणकडं राखून ठेवलेला जास्तीत जास्त वीजभार) ठेवलं आणि शेजारची ‘नोंदलेली कमाल मागणी’ (त्या महिन्यात प्रत्यक्ष ओढलेला सर्वांत जास्त भार) विचारली. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. जुने मोठे पंप काढून लहान बसवले होते, पण करार मागणी कुणी कमी करून घेतली नव्हती. उच्चदाब ग्राहकाला (मोठ्या पंपांसारख्या उच्च व्होल्टेजच्या जोडणीला) करार मागणीच्या ठरावीक टक्क्यांवर आकार बसतोच, वापरा नाहीतर नका वापरू. दुसरं बोट पॉवर फॅक्टरवर, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती खरंच कामाला येते त्या प्रमाणावर. 2020 पासून उच्चदाब ग्राहकांचं बिलिंग केव्हीएएचवर आहे (कामाला आलेल्या नव्हे, घेतलेल्या एकूण विजेवर), म्हणजे पॉवर फॅक्टर पडला की वेगळा दंड दिसत नाही, युनिटच फुगतात. पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँक बंद पडलेली असेल तर महिनोन् महिने कुणाला पत्ता लागत नाही. तिसरी गोष्ट वेळेची. संध्याकाळच्या महागड्या तासांत पंप चालवावेच लागतात का? टाकीत साठा असेल तर बऱ्याचदा नाही.

यातल्या पहिल्या दुरुस्तीला, म्हणजे करार मागणी कमी करून घ्यायला, एक अर्ज लागतो, निधी नाही. म्हणून सुरुवात इथून करा. अधिकाऱ्याला पहिल्या भेटीत ‘खर्च करा’ न सांगता ‘हे पैसे वाचवा’ सांगितलंत की तो पुढच्या भेटीची वेळ स्वतःहून देतो. मग पंपांचं ऊर्जा परीक्षण, शुद्धीकरण केंद्राच्या मोकळ्या जागेवर सौर पॅनेल, शाळांची छतं, हे एकेक मांडा. वेळ मात्र साधा. अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जातं, पण विभागांचे आकडे त्याआधीच वर गेलेले असतात. दिवाळीनंतर लगेच लेखाशीर्षासकट (अंदाजपत्रकातल्या कुठल्या खात्यातून खर्च करायचा ते लिहून) मागणी द्या. सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 ला संपल्यावर वर्षानुवर्षे प्रशासकच कारभार बघत होते. तेव्हा कागद हातात असलेल्या माणसाचंच ऐकलं जायचं, आणि नगरसेवक असले तरी याला पर्याय नाही.

बांधकाम परवान्यांचं एक आहे. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ठरावीक इमारतींना सौर यंत्रणा बंधनकारक आहे. भोगवटा दाखला देताना ती तपासली जाते का, एवढीच माहिती मागा. नवं धोरण मागण्याआधी असलेला नियम चालू आहे का बघावं.

स्वतःच्या छपराचंही बघा, नाहीतर ‘तुमच्या घरावर आहे का?’ हा प्रश्न येणारच. केंद्राच्या पीएम सूर्यघर या छतावरच्या सौर योजनेत घरगुती ग्राहकाला दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे 30,000 आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला एकूण 78,000 रुपये अनुदान आहे. सोसायटीच्या लिफ्ट-पंप-जिन्याच्या दिव्यांसाठी किलोवॉटमागे 18,000. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा आणि वर्षाची सरासरी धरून दिवसाला चार युनिट धरा. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात ते बरंच खाली येतं, हे लोकांना आधीच सांगा. विक्रेते सांगत नाहीत. सोसायटीत खरी अडचण पैशांची कमी आणि गच्चीची जास्त. वरच्या मजल्यावरच्या वहिनींची वाळवणं कुठं घालायची यावर सर्वसाधारण सभा अडते. पॅनेल उंच स्ट्रक्चरवर घ्या, खाली जागा ठेवा, आणि ते ठरावात लिहून घ्या.

वीज नियामक आयोगाचं दार शेवटी, पण सोडू नका. दरवाढीची याचिका आली की वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते आणि कुठलाही ग्राहक लेखी हरकत देऊ शकतो, सुनावणीत बोलूही शकतो. इचलकरंजीचे वीज ग्राहक चळवळीतले प्रताप होगाडे आणि पुण्याची प्रयास ही अभ्यासक संस्था ही मंडळी हे काम कित्येक वर्षं करतायत. त्यांच्या हरकती वाचा, भाषा कळते. भावनेवर बोलू नका. ‘याचिकेत अमुक खर्च धरलाय, त्याचा आधार काय’ असं विचारा. आणि आदेश आला की गट मोडू नका: 28 मार्च 2025 चा दर आदेश महावितरणच्या फेरविचार याचिकेनंतर 25 जूनला बदललाच की.

गटाबद्दल एकच. निवडणुकीची इच्छा असलेला माणूस गटात असू दे, पण निमंत्रक करू नका. तालमीच्या पोरांना मात्र आधी बोलवा. मीटरचे फोटो आणि दिवसा चालू राहणाऱ्या पथदिव्यांच्या खांबांचे नंबर टिपण्याचं काम ते आठवड्यात करतात, आपल्याला महिना लागेल.

शिंगणापूरचा अर्ज आधी टाका. बिलं हातात आली की वैयक्तिक तपशील झाकून इथं चढवा, करार मागणीचा रकाना स्पष्ट दिसू दे. काकांना दाखवतो.