वडिलांच्या मोबाइल बिलात न मागितलेल्या गेम-सेवेचे पैसे लागत आहेत; ते परत मिळतील का?

आपण लिहिले आहे की वडिलांच्या पोस्टपेड बिलात तीन महिन्यांपासून कसल्याशा गेम-सेवेचे पैसे लागत आहेत आणि ग्राहक सेवा केंद्रातून ‘तुमच्या फोनवरून बटण दाबल्याशिवाय सेवा सुरूच होत नाही’ एवढेच उत्तर मिळते. पैसे परत मिळू शकतात. मात्र सेवा बंद झाली म्हणून तिथेच थांबू नका. वडिलांनी संमती कधी आणि कशी दिली याची नोंद कंपनीकडे मागा. माझ्या आईच्या बाबतीत हेच घडले होते, म्हणून अनुभवाने सांगतो आहे.

आई कराडला एकटी राहते. बिलाचा मेसेज आला की एकूण रक्कम पाहून ती भरून टाकत असे. दिवाळीला घरी गेलो असताना मी सहज बिलाचे दुसरे पान उघडले, तर ‘मूल्यवर्धित सेवा’ या मथळ्याखाली ४९ रुपये लावलेले होते. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५७ रुपये ८२ पैसे होत होते आणि मागची सहा बिले काढली तर प्रत्येकात तीच ओळ होती. आईला विचारल्यावर ती बराच वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, “अरे, मधूनच पडद्यावर एक चौकट यायची. ती जावी म्हणून मी ‘ओके’ दाबायचे.” ही चौकट सिम कार्डातूनच येते. फोनमधल्या ‘सिम टूलकिट’मध्ये जाऊन असे मेसेज बंद करता येतात, वडिलांच्या फोनवर ते आजच करून टाका.

गेमचे पैसे बहुधा दुसऱ्या वाटेने लागतात. मोबाइल डेटा चालू असताना एखाद्या जाहिरातीवर बोट पडले, तर आपला नंबर कंपनीच्या नेटवर्ककडून त्या सेवेपर्यंत पोहोचू शकतो. त्यामुळे कार्ड किंवा पासवर्ड न मागताच रक्कम थेट बिलात चढवणे शक्य होते. फोन नातवंडांच्या हातात जात असेल, तर हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

नेमके हेच रोखण्यासाठी ट्राय, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, जुलै २०१३ मध्ये कंपन्यांना दुहेरी संमतीचे निर्देश दिले. ग्राहकाने पहिल्यांदा होकार दिल्यानंतर सेवेचे नाव, शुल्क आणि मुदत स्पष्ट सांगून दुसऱ्यांदा होकार घ्यायचा आणि मगच पैसे लावायचे, असा तो नियम आहे. सेवा सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत ती नको असल्याचे कळवले, तर शुल्क परत मिळण्याची तरतूदही त्यातच आहे. मला केंद्रातून या २४ तासांवरच बोट ठेवून ‘आता मुदत संपली’ असे सांगण्यात आले होते. हा युक्तिवाद मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. ही सवलत रीतसर संमती देऊन मग विचार बदलणाऱ्या ग्राहकासाठी आहे. मुळात संमतीच घेतलेली नसेल, तर मुदत मोजायची तरी कशापासून?

आता करायचे काय, तर सर्वांत आधी १५५२२३ या टोल-फ्री क्रमांकावर वडिलांच्याच फोनवरून संपर्क साधून सेवा बंद करा आणि बंद झाल्याचा मेसेज पुसू नका. त्यानंतर कंपनीच्या तक्रार केंद्राकडे लेखी तक्रार द्या आणि तक्रार क्रमांक, म्हणजे ज्याला ते डॉकेट नंबर म्हणतात तो, घेतल्याशिवाय विषय सोडू नका. मी तक्रारीत एवढेच लिहिले होते: ‘या सेवेसाठी घेतलेल्या पहिल्या व दुसऱ्या संमतीची तारीख, वेळ आणि माध्यम कळवावे, नोंद उपलब्ध नसल्यास सहा महिन्यांचे शुल्क करासह परत करावे.’ कराचा उल्लेख मुद्दाम करा, तो सहज राहून जातो. बिल पूर्ण भरले, कारण आईचा फोन बंद पडणे परवडणारे नव्हते. मात्र वादग्रस्त रक्कम मान्य नसताना भरत आहोत, हेही तक्रारीतच नोंदवले.

पहिले उत्तर साचेबंद आले, तेव्हा मी कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे गेलो. ही दुसरी पायरी अनेकांना माहीतच नसते. तक्रारीचा निकाल मान्य नसेल किंवा मुदतीत उत्तरच आले नसेल, तर तिथून ३० दिवसांत अपील करता येते. त्याला शुल्क नाही आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. वैयक्तिक तक्रारी ट्राय स्वतः सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्रे पाठवून वेळ घालवू नका. अपिलातही काही झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगही आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, असे कोणी सांगितले तर मानू नका. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ते आयोगाच्या अधिकारात येते, असे स्पष्ट केले आहे.

आमचे काम अपिलातच झाले. संमतीची नोंद शेवटपर्यंत आली नाही, पण पुढच्या बिलात ३४६ रुपये ९२ पैसे वजा होऊन आले. आईने तो कागद छापून घेतला आणि वीजबिलांच्या फायलीत लावून ठेवला आहे.

तक्रार लिहिताना आपल्याकडच्या तीन बिलांच्या तारखा आणि त्या सेवेचे बिलावर छापलेले नाव जसेच्या तसे उतरवून घ्या.