ओबरअमरगाऊला निघण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

ओबरअमरगाऊच्या २०३० च्या पॅशन प्लेसाठी, म्हणजे येशूच्या यातनांच्या नाटकासाठी, ग्रुप टूरमध्ये नाव नोंदवलंस, फार बरं वाटलं. टूरच्या पत्रकात हे नाटक आल्प्समधल्या राजवाड्यांच्या रांगेत बसवलेलं असतं. तू मात्र नाटकासाठीच जा, बाकीचं जमलं तर बघ.

कारण हा गावाचा नवस आहे. १६३३ मध्ये, तीस वर्षांचं युद्ध चालू असताना, जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातल्या या खेड्यात प्लेग शिरला. यातून वाचलो तर दर दहा वर्षांनी येशूच्या यातनांचं नाटक करू, असं गावकरी बोलले आणि १६३४ मध्ये पहिला प्रयोग झाला. २०२० चं नाटक कोरोनामुळे पुढे गेलं, पण २०२२ मध्ये झालंच. भूमिका मिळवायची तर गावात जन्म हवा, नाहीतर वीस वर्षांचं वास्तव्य. जेमतेम पाच हजारांच्या वस्तीतले दोन हजारांवर लोक यात असतात आणि आदल्या वर्षापासून केस-दाढी वाढवतात. सकाळी तुला नाश्ता वाढणारा दाढीवाला दुपारी जेरुसलेमच्या गर्दीत दिसू शकतो. त्याच्याशी दोन शब्द बोल.

सगळं जर्मनमध्ये असतं. संवादांची पुस्तिका मिळते, पण तिच्यात डोकं घालून बसलास तर मंच निसटेल. निघण्यापूर्वी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचे १४ आणि १५ हे अध्याय वाच. कथेचा गाभा तेवढ्यात आहे. मग डोळे मोकळे राहतात. मधूनमधून बायबलच्या जुन्या करारातले, म्हणजे येशूच्या आधीच्या काळातले, प्रसंग जिवंत चित्रांसारखे उभे केले जातात : माणसं हालचाल न करता उभी आणि बाजूला समूहगान. तिथे बरेच पर्यटक चुळबुळ करतात. तू एकाच माणसाच्या हाताकडे बघ, तो किती स्थिर आहे ते. मला तर हा नाटकाचा सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

एक गोष्ट आधीच समजून घे, कारण ती टूरवर कुणी सांगेलच असं नाही. कित्येक पिढ्या या नाटकाने ज्यूंना येशूचे मारेकरी म्हणून रंगवलं. १९३४ च्या विशेष प्रयोगाला खुद्द हिटलर आला होता. १९९० पासूनचे दिग्दर्शक ख्रिस्टियान श्टुकल यांनी हे बदलायला घेतलं. त्यांचा येशू ज्यू म्हणूनच वावरतो, हिब्रू प्रार्थना म्हणतो. खटल्याच्या प्रसंगात त्याची बाजू घेणारे आवाजही उठतात. २०२२ मध्ये तर येशूला दगा देणारा शिष्य जुडास याच्या भूमिकेत एक मुस्लिम तरुण होता. खटला चालू असताना या आवाजांकडे कान दे. नवस पाळत राहूनही गाव स्वतःचंच नाटक तपासतं, याचं मला अतोनात मोल वाटतं.

प्रयोग पाच तासांच्या आसपास चालतो, मध्ये जेवणाची मोठी सुट्टी असते. त्या वेळात ग्रुप लाकडी कोरीव मूर्तींच्या दुकानांत पांगेल; तू वेळेआधी जागेवर ये. प्रेक्षकांवर छप्पर असलं तरी मंच उघडा आहे, रात्री डोंगरातली थंडी आत येते, तेव्हा जाड जॅकेट घेच. प्रयोगात फोटो काढायचे नसतात. आणि त्या रात्री मुक्काम गावातच आहे ना, हे टूरवाल्यांना आजच विचार. नसेल तर आग्रह धर.

मार्क वाचून झाला की कळव.

तुझा,
काका