वाचकांचे प्रश्न : प्रीस्ट्रेस्ड गर्डर आणि शिअर

प्रश्न : पोस्ट-टेन्शन्ड (काँक्रीट घट्ट झाल्यावर केबल ताणलेल्या) गर्डरमधल्या तिरक्या केबलच्या बलाचा उभा घटक आम्ही सगळ्या छेदांत शिअर (कातरबल) क्षमतेत मिळवला. तपासणीत मधल्या छेदांना हरकत आली. का?

उत्तर : हरकत रास्त आहे. प्रीस्ट्रेस्ड (केबल ताणून आधीच दाब दिलेल्या) काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे ‘आयएस १३४३’नुसार, हा घटक वाकणामुळे न तडकलेल्या छेदातच मिळवायचा. तडकलेल्या छेदात सोडून द्यायचा. तडकलेल्या छेदात तडा खालून, वाकणामुळे सुरू होतो आणि मग तिरका वळतो. न तडकलेल्या छेदात मात्र वेबमध्येच (गर्डरच्या उभ्या भिंतीतच) तिरका ताण काँक्रीटला झेपेनासा होतो. प्रीस्ट्रेसचा दाब या ताणाला थेट आवर घालतो.

न तडकलेल्या छेदाचं सूत्र : ०.६७ × रुंदी × पूर्ण खोली × √(एफटी² + ०.८ × एफसीपी × एफटी). एफटी म्हणजे काँक्रीटला झेपणारा ताण, ०.२४√एफसीके; एफसीके म्हणजे काँक्रीटची दाबशक्ती; एफसीपी म्हणजे गुरुत्वाक्षावरचा प्रीस्ट्रेसचा दाब. एम ४० काँक्रीट (एफसीके ४०), वेब २०० मिमी, खोली १००० मिमी, दाब ४ न्यूटन प्रति चौ. मिमी धरला तर क्षमता सुमारे ३५९ किलोन्यूटन येते. प्रीस्ट्रेस नसता तर २०३च.

आता खरी गफलत होते ती रुंदीत. तिरका ताण जिथे सर्वाधिक, तिथूनच डक्ट (केबलची नळी) जात असेल तर ग्राउट केलेल्या (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरलेल्या) डक्टचा दोन-तृतीयांश व्यास वजा करायचा, ग्राउट नसेल तर पूर्ण. ६० मिमी डक्टने वरचे ३५९ अनुक्रमे २८७ आणि २५१वर येतात. ग्राउटिंगआधी गर्डरवर भार टाकणार असाल, तर २५१च धरा.

तडकलेल्या छेदात न तडकलेल्या आणि तडकलेल्या छेदाच्या दोन्ही सूत्रांनी क्षमता काढून लहान आकडा घ्यायचा. तडकलेल्या छेदाच्या सूत्रात ‘एमशून्य × व्ही ÷ एम’ हे पद असतं. एमशून्य म्हणजे केबलच्या पातळीवरचा प्रीस्ट्रेसचा दाब शून्यावर आणणारा मोमेंट, व्ही म्हणजे छेदावरचा शिअर, एम म्हणजे मोमेंट. व्ही आणि एम एकाच भारस्थितीतले हवेत. कमाल शिअर एका स्थितीतून, कमाल मोमेंट दुसरीतून, असं स्प्रेडशीटमध्ये सर्रास होतं.

प्रश्न : प्री-टेन्शन्ड (काँक्रीट ओतण्याआधी केबल ताणलेल्या) बीमच्या टोकालाही हेच सूत्र चालेल?

उत्तर : सूत्र चालेल, पूर्ण एफसीपी चालणार नाही. टोकाला प्रीस्ट्रेस शून्य असतो. ट्रान्समिशन लांबीत, म्हणजे तो काँक्रीटमध्ये पूर्ण उतरायला लागणाऱ्या लांबीत, तो हळूहळू चढतो. त्या छेदापर्यंत जेवढा चढला, तेवढाच धरा. काही स्ट्रँडवर (केबलच्या तारांवर) काँक्रीटशी चिकटू नये म्हणून स्लीव्ह घातली असेल, तर त्यांची ट्रान्समिशन लांबी स्लीव्ह संपते तिथून मोजा. शिअर सर्वाधिक असतो तो भाग नेमका हाच, म्हणून इथे हात सैल सोडू नये.

प्रश्न : रिंगांमधलं (स्टिरपमधलं) जास्तीत जास्त अंतर किती?

उत्तर : ०.७५ डीटी किंवा वेबच्या जाडीच्या चौपट, यांतलं लहान. शिअर काँक्रीटच्या क्षमतेच्या १.८ पटीपुढे गेला की ०.५ डीटी. डीटी म्हणजे दाबाच्या कडेपासून केबलच्या मध्यापर्यंतचं किंवा रिंगेच्या कोपऱ्यातल्या लांब सळईपर्यंतचं अंतर. जे मोठं, ते घ्या. त्या कोपऱ्यात सळई किंवा केबल असायलाच हवी.