स्टिरॉइड लिहिण्याआधी पाय बघ

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर विचारलंस, दम्याच्या त्या आजींना प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू करण्याआधी आणखी काय बघू? साखर, बीपी, छातीचा फोटो तू बघितलाच आहेस. आता त्यांचे पाय बघ. टाचांच्या भेगांत घासूनही न निघणारा काळपट चिखल दिसेल. जन्मभर अनवाणी कुणग्यात, म्हणजे भातखाचरात, उतरून लावणी केलेली ही माणसं. विष्ठा मिसळलेल्या ओल्या मातीतून स्ट्राँगिलॉइडिस जंताच्या अळ्या तळपायाच्या कातडीतून आत शिरतात आणि शेवटी आतड्यात मुक्काम करतात. इतर बहुतेक जंत आपलं आयुष्य संपलं की मरून जातात. याच्या नव्या अळ्या मात्र त्याच माणसाच्या आतड्यातून पुन्हा शरीरात घुसतात, म्हणून तो दशकानुदशकं टिकतो. प्रतिकारशक्ती शाबूत आहे तोवर थोडी खाज, थोडं पोट बिघडणं, एवढंच. स्टिरॉइड पोटात गेलं की ही शक्ती दबते आणि जंताचा लगाम सुटतो.

हे मी एका माणसाच्या जिवाच्या मोलाने शिकलोय. चाकरमानी होते. विशीत गाव सोडून गिरणीत गेले, निवृत्त होऊन घरी परतले. चिखलात पाय घालून त्यांना चाळीस वर्षं झाली होती. धाप लागायची म्हणून मी स्टिरॉइड दिलं. तीन आठवड्यांत पोटदुखी, उलट्या, खोकला. दमा बळावला असं समजून मी डोस वाढवला. जंत असले की रक्तात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, इओसिनोफिल, जवळजवळ नव्हत्याच, म्हणून जंत मनातही आला नाही. स्टिरॉइडमुळे त्या कमीच दिसणार, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. ताप चढला त्या रात्री बेडक्याचा थेंब काचेवर घेऊन पाहिला. एक बारीक अळी वेटोळे घालत नजरेसमोरून सरकत होती, आणि तिच्यामागे दुसरी. तोवर अळ्यांबरोबर आतड्यातले जिवाणू रक्तात उतरले होते. दोन दिवसांनी ते गृहस्थ गेले.

म्हणून आजींची विष्ठा तपास. नमुना ताजाच घ्यायला लॅबवाल्यांना सांग, कारण शिळ्या नमुन्यात हुकवर्म या दुसऱ्या जंताची अंडी फुटून अळ्या निघतात आणि घोळ होतो. अंडी नव्हे, अळ्या शोधायच्या. एक नमुना निगेटिव्ह आला म्हणून निश्चिंत होऊ नकोस, वेगवेगळ्या दिवसांचे तीन तरी बघ. आरोग्य केंद्रातून मिळते ती जंतावरची अल्बेंडाझोलची एक गोळी इथे पुरत नाही. औषध आयव्हरमेक्टिन, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम. हेही मातीतलंच, जपानच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून काढलेलं. त्याबद्दल ओमुरा आणि कॅम्पबेल या शास्त्रज्ञांना २०१५ साली नोबेल मिळालं.

धाप फार असेल आणि स्टिरॉइड थांबवण्यासारखं नसेल, तर रिपोर्टची वाट बघू नकोस, आयव्हरमेक्टिन आधी दे.

आजींचं वजन केलंस का? उद्या सकाळी फोन कर, डोस दोघं मिळून काढू.