पाठमोरे काळवीट आणि काळी पडणारी घार

प्रश्न : काका, नमस्कार. गेले चार रविवार नान्नजच्या माळावर जातोय. कॅमेरा नवा आहे. परवा काळविटांचे दोनशेच्या वर फोटो निघाले, पण जवळजवळ सगळे पाठीचे. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमच्या फोटोंत सगळे निघूनच चाललेत." हे फोटो उडवून टाकू का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : उडवू नका. मुलीला शेजारी बसवा आणि दोघं मिळून फोटो निवडा, कारण तिची नजर चांगली आहे. तुम्ही पाठवलेल्या नऊ फोटोंपैकी सातांत कळप उधळलाय. पाय जमिनीच्या वर, मागे धुरळा, माना ताठ. त्यांत काळविटांपेक्षा तुमचं चालत जाणंच जास्त दिसतं. उरलेल्या दोनांतला एक मात्र मी बराच वेळ बघत बसलो. काळा नर आपल्याकडे पाठ करून गवतात बसलाय आणि शिंगांचे पीळ दोन्ही बाजूंना फाकत वर गेलेत. शिंगांचा तो आकार समोरून इतका स्वच्छ दिसत नाही. हा फोटो मोठा करून घ्या.

यापुढे कानांकडे बघायची सवय लावा. पाठ आपल्याकडे असूनही कान मागे वळलेले असतील, तर जनावर आपलाच कानोसा घेतंय. तिथंच थांबायचं. तोंड गवतात असेल, कान माशा उडवण्यापुरते हलत असतील, तर त्याला आपली धास्ती उरलेली नाही. तेव्हाचा पाठमोरा फोटो सोन्यासारखा. डोळा दिसत नसल्यानं फोकस कुठं करायचा हा प्रश्न येतो. शिंगांच्या बुडाशी किंवा कानांच्या कडेवर करा. आणि ते जिकडं बघतंय त्या बाजूला माळ मोकळा सोडा. पाठीच्या फोटोत त्याची नजर आपल्याला तिथंच सापडते.

माझ्याकडून झालेली चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये हिप्परग्याच्या तलावाकाठी मला टिटवीचा जमिनीलगतून, खालून फोटो हवा होता. मी पोटावर आडवा झालो. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती आणि मी अर्धा तास तसाच पडून होतो. उठलो तेव्हा हातभर अंतरावर खड्यांत चार अंडी दिसली. त्या उन्हात टिटवी अंड्यांवर सावली धरून उभी राहते, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि त्यांना गारवा देते. अर्धा तास मी तिला ते करू दिलं नाही. त्या अंड्यांचं पुढं काय झालं, ते बघायला जायचं धाडस मला झालं नाही. तो रोल मी धुतला, पण त्यातला एकही फोटो छापला नाही.

म्हणून नान्नजला गाडी रस्त्यालाच थांबवा, काच खाली करा आणि आतच बसून राहा. 1979 साली हे अभयारण्य झालं ते माळढोकासाठी, आणि आता तो दिसणं फार दुर्मीळ झालंय. पावसाळा हा त्याच्या विणीचा काळ, तेव्हा तर गवतात पाऊलसुद्धा टाकू नये. हिवाळ्यात जा. भोवत्या (हॅरियर) हा शिकारी पक्षी गवताला लागून उडत जातो आणि बहुतेक वेळा आपल्याला त्याची पाठच मिळते. खंत करू नका. मादीच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा असतो, तो मागूनच नीट दिसतो. ओळख पटवायला तोच फोटो कामाला येतो.

प्रश्न : सिद्धेश्वर तलावावरच्या घारींचे फोटो खालून काढते. सगळ्या काळ्या कोळशासारख्या येतात. कॅमेरा खराब आहे का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : कॅमेरा ठीक आहे, ताई. भोवती सगळं लख्ख आभाळ असतं. त्या उजेडाला कॅमेरा दबतो आणि घारीला अंधारात टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सोय, अधिक एक ते अधिक दोनपर्यंत न्या. आभाळ पांढरं पडेल, पडू द्या. शटर 1/1600 सेकंदाच्या आसपास ठेवा.

खरा फरक वेळेनं पडतो. आपल्याकडं मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. तेव्हा पंखांवर ऊन आणि पोटाखाली अंधार. सकाळी सूर्य वर आल्यावर पहिल्या तासाभरात जा, ऊन पाठीशी घ्या. ऊन तिरपं पंखाखाली शिरतं. घार पाण्यावर खाली उतरली, तर पाण्यावरून उलटून आलेला उजेडही तिच्या पोटाला लागतो. काळ्या रानावर हा उजेड मिळत नाही, माती तो पिऊन टाकते. शेपूट पूर्ण चौकटीत घ्या. साध्या घारीची शेपटी खाचेची, ब्राह्मणी घारीची गोल. खालून हा फरक लगेच कळतो.

प्रश्न : मला घरातल्या वस्तूंच्या मागच्या बाजूंचे फोटो काढायला आवडतात. सुरुवात कशापासून करू? – अकरावीतली विद्यार्थिनी

उत्तर : बाळ, घरात सोलापुरी चादर असेलच. माझे वडील मागावर होते. चादर हातात आली की आधी उलटी करायचे. जेकॉर्डच्या, म्हणजे मागावरच नक्षी उठवणाऱ्या विणीत पुढं जो रंग नक्षीचा, तो मागं जमिनीचा होतो, आणि तुटलेला धागाही मागं पटकन सापडतो. चादर खिडकीजवळ टाक. उजेड समोरून नको, एका बाजूनं सरपटत येऊ दे, म्हणजे प्रत्येक धाग्याची सावली पडेल. फ्लॅश बंद.

रात्री खिडकीच्या काचेवर बाहेरून पाल येते, तिचंही पोट बघ. खोलीतला मोठा दिवा मालव, हातातला टॉर्च काचेला तिरपा धर आणि मोबाइल काचेच्या अगदी जवळ ने. बोटांखालच्या बारीक पट्ट्या दिसतील, त्यांच्यावरच ती गुळगुळीत काचेला धरून राहते. मादी असेल आणि दिवस भरत आले असतील, तर पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी दिसतात. दोन-तीन फोटो झाले की टॉर्च बंद कर. दिव्याशी किडे जमतात आणि ती जेवायला आलेली असते.